वांगणीला नॉटपेड गेलेला मामा

बेलवलीच्या मामीचा फोन आला तेव्हा मी नाशकात पोळ्या लाटत होते. हात पिठाचे, म्हणून फोन स्पीकरवर.

"अगो, तुज्या मामाचा तिकीट आलाय!" मामी ओरडली.

बदलापुरात तेव्हा नगरपालिकेच्या निवडणुकीचे वारे वाहत होते. मला वाटलं, झालं, पांडूमामा या वयात उभा राहतोय. "मामा उभा राहतोय?" मी विचारलं.

"उभा कशाला र्‍हातोय? बसलाय ओटीवर."

"अगं, कुठल्या पक्षाचं तिकीट?"

"पक्षाचा नाय गो, पोस्टाचा! तोंड छापलाय त्याचा तिकिटावर."

आता मात्र मी लाटणं खाली ठेवलं. मी बरीच वर्षं पोस्टाची तिकिटं जमवते आहे आणि त्या जगात एक नियम सगळ्यांना ठाऊक असतो. आपल्याकडे स्मारक तिकिटावर झळकायचं तर आधी माणसाला जावं लागतं. जिवंत माणसाचं तिकीट सहसा काढत नाहीत. मी घाबरतच विचारलं, "मामा बरा आहे ना?"

"बरा? त्या दिसापासना दोन भाकऱ्या जास्त खातोय."

उलगडा झाला तो असा. पोस्टाची एक योजना आहे. ठरावीक पैसे भरले की अख्खा ताव छापून मिळतो. प्रत्येक तिकिटावर डावीकडे सरकारचं चित्र आणि किंमत, उजवीकडे आपला फोटो. निखिलने, म्हणजे मामाच्या नातवाने, मुंबईच्या मोठ्या पोस्टात फोटो नेऊन आजोबांचं काम करून आणलं होतं. त्याच निखिलचं लग्न ठरलं होतं, आणि मामाचा हुकूम होता की तिकिटातली शहाणी भाची हळदीला हजर पाहिजे.

हा ब्लॉग नेमाने वाचणाऱ्यांना माझं वेड माहीत आहे. तिकिटावर आलेल्या माणसांच्या गावांना मी जाते. तिथे बहुतेक वेळा एक पुतळा सापडतो, त्याच्यावर एक कावळा सापडतो, आणि त्यांच्या नावाच्या चौकात उभं राहून त्यांच्याविषयी विचारलं तर रिक्षावाला विचारतो, "ते कुठे राहतात?" तिकिटावरच्या माणसाला जिवंत गाठून, त्याच्या ताटाला ताट लावून जेवायची संधी पहिल्यांदाच येत होती. मी बॅगेत साडी टाकली, अल्बम टाकला आणि निघाले. एवढ्या वाटेला जातेच आहे तर उल्हासनगर आणि अंबरनाथही पदरात पाडून घ्यावं, असा बेत केला.

पहिला दिवस: उल्हासनगर, अंबरनाथ, बेलवली

सकाळच्या गाडीने कल्याणला उतरले आणि रिक्षाने उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये आले. शेअर रिक्षात मागे तीन आणि पुढे ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून एक, असा सर्वमान्य कायदा आहे. बाईमाणसाला मागे बसवतात, पण कडेची जागा मिळाली तर एक गुडघा बाहेर ठेवायची तयारी हवी. गुडघ्याचं वेगळं भाडं घेत नाहीत.

आधी न्याहारी. इथे येऊन पोहे मागणाऱ्याला देव क्षमा करो. दाल पकवान खा. कडक, पापडासारखी मोठी पुरी, वर घट्ट चण्याची डाळ, चिंचेची चटणी, कच्चा कांदा. मी खाल्लं ते एका गाडीवर, बाजूच्या गाळ्यातल्या शिलाई मशिनांच्या खडखडाटात. तिथे जीन्सच्या पायांचा ढीग पडला होता, नुसत्या पायांचा. कमरेचे भाग बहुधा दुसऱ्या गल्लीत असावेत. एका प्लेटमध्ये दुपारपर्यंत भूक लागत नाही आणि खिशालाही कळत नाही.

मला तिकिटं ठेवायची पारदर्शक पाकिटं हवी होती. स्टेशनरीच्या एका दुकानात शिरले. गल्ल्यावर पांढऱ्या केसांचे एक सिंधी शेठ बसले होते.

"स्टॅम्पसाठी पाकिटं आहेत का?"

"स्टॅम्प पेपर? वो इधर नहीं मिलेगा मॅडम, कोर्ट के पास."

"पेपर नाही हो, स्टॅम्प."

"रबर का? दो घंटे में बना देगा. किसके नाम का?"

शेवटी मी अल्बमच उघडून दाखवला. शेठनी चष्मा चढवला, दोन पानं उलटली आणि तिसऱ्या पानावर थांबले. तिथे माशावर बसलेला झुलेलाल होता. शेठनी तिकिटाला बोट लावून ते बोट कपाळाला लावलं. मग अल्बम उलटा करून माझ्यापुढे धरला आणि जरा संशयाने विचारलं, "ये लिफाफे पे लगाने का है?"

"हो, लावता येतं. पण मी लावत नाही, जपून ठेवते."

"अच्छा करते हो. लगाएँगे तो पीछे से थूक लगाना पडेगा ना? भगवान को?" शेठना हा प्रश्न खरोखरच पडला होता. "और फिर पोस्टवाला उपर से धाड् करके ठप्पा मारेगा. मुँह पे. ये कैसी इज्जत है साईं?"

खरंच, विचार करा. देशासाठी फासावर गेलेला कोवळा पोरगा, आयुष्य अभंगात घालवलेला संत, रात्रंदिवस दुर्बिणीला डोळा लावलेला शास्त्रज्ञ. यांचा गौरव आपण कसा करतो? पाठीला थुंकी लावतो, कोपऱ्यात चिकटवतो आणि तोंडावर काळा शिक्का हाणतो. त्यातून शिक्का नीट उमटला नाही तर माझ्यासारखे लोक वर कुरकुर करतात. शेठचे वडील सिंध सोडून या कॅम्पात आले तेव्हा त्यांचा पत्ता म्हणजे नुसता बराकीचा आकडा होता, असं ते म्हणाले. मागे राहिलेल्या कुणाचं पत्र आलं की आई आधी त्यावरचं तिकीट बघायची, तिथला कोण माणूस आहे ते. पाकिटं त्यांनी काढून दिली, आणि त्यातल्या एकात झुलेलाल स्वतःच्या हाताने सरकवून मगच पैसे घेतले.

दुपारी अंबरनाथ. स्टेशनच्या पूर्वेकडून रिक्षा करून शिवमंदिराला जा. बाजूला वालधुनी आहे. तिला नदी म्हणायची रीत आहे. नाकाला रुमाल लावून पूल ओलांडला की समोर हजारेक वर्षांचं काळं दगडी देऊळ उभं राहतं आणि रुमाल विसरायला होतं. बाहेरच्या भिंतीवर देव, अप्सरा, हत्ती यांची नुसती दाटी. गाभारा जमिनीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. ओलसर असतात, कठडा धरा. हे देऊळ कुठल्या तिकिटावर आहे का, ते मी खूप शोधलं. मला तरी सापडलं नाही. फुलपाखरं आली, आंबे आले, इंजिनं आली, याचा नंबर बहुतेक अजून लागायचा असेल. बाहेर कोकम सरबत बरं मिळतं. सुट्टे पैसे ठेवा.

तिथून बदलापूर पश्चिमेला, बेलवलीत मामाकडे. आमचे आजोबा मूळ खाडीकाठचे, मिठागरावर राबलेले. पुढे इकडे येऊन त्यांनी भात लावला. आता त्या भाताच्या जागी सात मजले आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी मामाने हट्टाने जुनी ओटी राखून ठेवली आहे. मामा त्या ओटीवरच होता. मला बघून उठला नाही. तिकिटावर आलेल्या माणसाने कुणासाठी उठायचं नसतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं असावं.

"दाव तुजी तिकिटा," मामा म्हणाला.

मी अल्बम काढला. मिठाच्या सत्याग्रहाचं तिकीट त्याने बराच वेळ बघितलं. "मूठभर उचलला त्याचा तिकीट निघला," तो म्हणाला. "माजा बापूस टोपलीनं उचलत व्हता, रोज."

"आता तुझं निघालं ना," मी म्हटलं. "दाखव की."

इथून गोष्ट बदलली. मामी आत पोळपाट आपटायला लागली आणि मामाने पत्र्याची पेटी पुढे ओढली. आत तिकिटांचा ताव होता. एका कोपऱ्यात दोन तिकिटांची जागा मोकळी. आणि पेटीच्या तळाशी, कात्रीने कापलेला एक तुकडा. त्यावर सरकारचं चित्र होतं, किंमत होती, आणि मामा नव्हता.

"हे काय? फोटो कुठंय?"

"पाठीवला," मामा म्हणाला. "वांगणीला. बायला."

बाय म्हणजे मामाची थोरली बहीण, माझी हिरामावशी. बदलापूरच्या पुढचं स्टेशन वांगणी, तिथे ती असते. या भावाबहिणीचं सात-आठ वर्षं बोलणं नाही. कारण ऐकाल तर हसाल, आम्हीही पहिल्यांदा हसलो होतो. या इमारतीची वास्तुशांत झाली तेव्हा मामाने सगळ्यांना व्हॉट्सअपवर पत्रिका पाठवली. मावशीकडे फोनच नाही. तिच्या शेजारणीच्या फोनवर पाठवली आणि म्हणाला, सांगितलं. घरची थोरली लेक! तिच्या दारी हातात अक्षता घेऊन जायची रीत, आणि हिला बोलावणं आलं ते शेजारीण नळावर सांगते म्हणून. मावशी आली नाही. मामा नंतर समजूत काढायला गेला तेव्हा तिने दार लावून आतून शपथ घेतली, "एकवीरेची आन, तुजा तोंड बगनार नाय."

आता निखिलची हळद. आम्हा आगऱ्यांत नवरदेवाला पहिली हळद घरच्या थोरल्या लेकीने लावायची. मामाला बहीण पाहिजे होती आणि बहिणीला त्याचं तोंड नको होतं. मग त्याला ही तिकिटाची योजना कळली आणि त्याच्या डोक्यात जे शिरलं ते मला इतक्या वर्षांच्या छंदात सुचलं नव्हतं. तोंड बघणार नाही म्हणाली ना? मग तोंड पोस्टाने पाठवू. पोस्टमनने हातात दिलं की बघावंच लागेल. आणि फोटो म्हणजे काही तोंड नव्हे, तिची आनही मोडत नाही.

"अरे, पण कापलंस का?"

मामाने एक पाकीट काढलं. वर त्याचाच पत्ता होता. बहिणीला पाठवण्याआधी त्याने एक पत्र स्वतःला टाकून पाहिलं होतं. त्यावरचं तिकीट अख्खं होतं, आणि शिक्का असा सणसणीत बसला होता की मामाच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत नुसती काळी शाई.

"बग," मामाचा आवाज चढला. "काला फासला माज्या तोंडाला! असा तोंड घेऊन जाऊ बायच्या दारात?"

म्हणून त्याने कात्री घेतली. किंमत, सरकारी चित्र, जिथे जिथे शिक्का पडू शकेल ते सगळं कापलं आणि फक्त स्वतःचा चेहरा पाकिटाच्या मागच्या बाजूला, झाकणाच्या टोकावर चिकटवला. पुढून तिकिटाची जागा कोरी. "आता मारतील कुठं ठप्पा?" तो विजयाने म्हणाला.

मी कपाळाला हात लावला. त्याला समजावून सांगितलं की तो कापून टाकलेला तुकडाच खरं तिकीट आहे, त्यावर किंमत आहे. नुसत्या फोटोला पोस्ट ओळखत नाही. असं पत्र नॉटपेड जातं. पोस्टमन ते घेऊन दारात उभा राहतो आणि ज्याच्या नावाचं पत्र त्याच्याकडून दुप्पट पैसे मागतो. त्याने दिले तर पत्र मिळतं, नाहीतर परत येतं.

मामाला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याचा चेहरा असा उतरला की मलाच बोलल्याचं वाईट वाटलं.

"म्हंजे बायला बोलावना धाडला तो तिच्याच पैशानं?"

"हो."

"आदी मोबाईल, आन आता ह्यो," आतून मामीचा आवाज आला. "शाबास!"

हळद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होती. पत्र जाऊन बरेच दिवस झाले होते, उत्तर नव्हतं. परतही आलं नव्हतं. रात्री जेवणात कोलंबीचं कालवण झकास होतं, पण मामाने ताटातली दुसरी भाकरी तशीच ठेवली.

दुसरा दिवस: वांगणी

सकाळी मामा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. हातात पितळी वाटी, वाटीत कुंकू लावलेल्या अक्षता. "तू पुढं जा," तो म्हणाला. "मी भायेर उभा र्‍हाईन."

वांगणीला गाडीने गेलात तर एकच स्टेशन. आम्ही रिक्षा केली, कारण मामाला वाटेत विचार बदलायची सोय हवी होती. कर्जत रस्त्याला दोन्ही बाजूंनी पाट्या आहेत. निसर्गाच्या कुशीत घर, डोंगराच्या मांडीवर घर, नदीच्या काखेतही एक होतं. डोंगर अजून बऱ्यापैकी शिल्लक आहे. हवा खरंच छान असते, सकाळी जा. वाटेत एका टपरीवर चहा आणि गरम वडापाव. मामाने दोनदा विचारलं, "घ्यायची का परत?" मी दोनदा ऐकू न आल्यासारखं केलं.

मावशीचं घर कौलारू, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, मागे नव्या बिल्डिंगचा सांगाडा. ती दाराशी पाटावर बसून भिजवलेले वाल सोलत होती. मला बघून तिचं तोंड फुललं.

"नाशिकची! ये गो. एकटीच आली?"

"नाही, मावशी. मामा आहे बरोबर."

तिचे हात थांबले. मग ती उठली, पाट उचलला, आतल्या भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि दाराकडे पाठ करून पुन्हा वाल सोलायला बसली.

"ये बोल त्याला आत," ती भिंतीला म्हणाली. "उनात उभा र्‍हायला तं चक्कर येते त्याला."

मामा आला आणि उंबऱ्याशी टेकला. मधे मी. एवढीशी खोली, आणि मावशी त्याच्याशी माझ्यामार्फत बोलायला लागली.

"बाय, पत्र मिलला का?"

"बोल त्याला, मिलला. नाटपेड मिलला."

मामाने मान खाली घातली. "बाय, मी येडा हाय. मना वाटला, ठप्प्यानं तोंड काला होईल."

"पोस्टमन बोलला, आजी, पैसं भरायचं हायेत, परत पाठवू का?" मावशी मला सांगत होती, वाल सोलत होती. "मी बोलली, कोनाचा हाय? तो बोलला, नाव नाय लिवलेला. मना कुठं वाचता येते? मी उलटा करून बगितला. तं पांड्या! पांड्याचा तोंड!" तिचा हात पुन्हा थांबला. "पैसं काढून दिलं त्याला. दुसऱ्या कोनाचा असता तं परत धाडला असता."

मामाने माझा सल्ला घेतला असता तर मी त्याला तिकीट अख्खं लावायला सांगितलं असतं. शिक्का त्याच्या नाकाडोळ्यांवर बसला असता आणि मावशीला पत्र कुणाचं ते कळलंच नसतं. फुकट आलेलं ते पाकीट चुलीत गेलं असतं. स्वच्छ शिक्क्याचं महत्त्व सांगणारे माझे सगळे लेख मला त्या क्षणी आठवले आणि मी निमूटपणे चार वाल सोलले.

मावशीने देव्हाऱ्यातून पाकीट काढलं. एकवीरेच्या फोटोमागे ठेवलं होतं. "पन लई बारका फोटू हाय गो. आन माजा डोला आता अदू झाला." तिने पाकीट डोळ्यांपासून लांब धरलं. "तू सांग. कसा दिसतो आता?"

"कोण? मामा?"

"मग कोन, नवरदेव?"

मामा तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर होता. मी त्याच्याकडे बघून तिला सांगायला लागले. "केस सगळे पांढरे झालेत. पुढून विरळ. कानावर केस आलेत, आजोबांना होते तसे. वरचा एक दात पडलाय. बारीक झालाय खूप. गळ्याची हाडं दिसतात."

"तरी बोलतात दोन भाकऱ्या खातो," मावशी पुटपुटली.

"काल नाही खाल्ली. शर्ट नवा आहे, पण गुंड्या चुकीच्या लावल्यात. एक बाजू वर, एक खाली."

"ल्हानपनापासना," ती म्हणाली. "साळंत जाताना मीच सोडून परत लावायची."

मामा मुकाट्याने गुंड्या सोडून पुन्हा लावू लागला. घाईत पुन्हा चुकला. माझे डोळे भरले, लपवत नाही.

"मावशी, एवढं विचारतेस, तर वळून बघ ना एकदा."

"आन घेतलीय. देवीची," ती शांतपणे म्हणाली. "मानसाची असती तं मोडली असती."

मामा उठला. तिच्या मागे उकिडवा बसला आणि वाटीतल्या अक्षता तिच्या पाटावर, पाठीमागूनच ठेवल्या. "बाय, निखिलला हलद हाय आज. तुज्या हातची पायजे." तिने अक्षता पदरात घेतल्या. येते म्हणाली नाही, नाही येत असंही म्हणाली नाही.

निघताना माझ्यातली संग्राहक जागी झालीच. पाठीवर फोटो, पुढे नॉटपेडचा शेरा, असं पाकीट कुणाच्याच अल्बमात नसेल. मी हळूच विचारलं, "मावशी, हे मला देशील?"

"ह्या! पैसं मी भरलंय," ती म्हणाली आणि पाकीट देवीच्या मागे गेलं.

त्याच दिवशी, हळद

आगऱ्यांची हळद बघितली नसेल तर ओळख काढून जा, आमंत्रणाशिवायही तुम्हाला उपाशी पाठवणार नाहीत. मांडवाच्या एका टोकाला मटणाची पातेली, दुसऱ्या टोकाला डीजे, आणि मधे धवलारीण. ही लग्नाची गाणी म्हणत विधी करणारी बाई. डीजे थांबवायची ताकद मांडवात फक्त तिच्यात असते. ओला रंग अंगावर येणार हे धरून जुने कपडे घाला. माझी साडी आता पिवळी आहे.

निखिल पाटावर बसला. धवलारणीने पहिली हळद कोण लावणार म्हणून विचारलं. मामी मामाकडे बघू लागली, मामा मांडवाच्या दाराकडे. ऊन उतरत होतं. धवलारणीने दुसऱ्यांदा विचारलं.

तेवढ्यात दाराशी रिक्षा थांबली आणि मावशी उतरली. हिरवं लुगडं, नाकात नथ, आणि पदर डोळ्यांवर पुढे ओढलेला. जमिनीकडे बघत ती सरळ पाटापाशी आली. निखिलच्या पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना, गालांना तिने हळद लावली. धवलारणीने गाणं उचललं, बायका पाठी गायला लागल्या. मामा खांबाला धरून उभा होता. त्याला जवळ यायचं होतं आणि येता येत नव्हतं.

मग हळद सगळ्यांना लागायला लागली. पोरं एकमेकांना माखत होती, सुना सासऱ्यांना सोडत नव्हत्या. मावशीने माझा हात धरला. तिच्या दुसऱ्या हातात हळदीचं ताट होतं.

"पांड्या कुठं हाय? मना त्याच्या म्होरं नेऊन उभी कर," ती म्हणाली आणि डोळे गच्च मिटले.

मी तिला खांबापाशी नेलं. मामाने खांब सोडला. मावशीने मिटल्या डोळ्यांनी ताटात हात बुडवला आणि चाचपडत मामाच्या कपाळाला लावला. मग नाक, गाल, हनुवटी, कान, पापण्या. लहान पोराला न्हाऊ घालावं तसं तिने त्याचं तोंड दोन्ही हातांनी माखलं. मामा बारीक आवाजात म्हणाला, "बाय, डोल्यात जाते."

"गप र्‍हा."

बोटांनी सगळीकडे फिरून तिने खात्री केली, रिकामी जागा कुठे राहिली नाही ना. मग म्हणाली, "झाला?"

"झालं, मावशी," मी म्हटलं.

तिने डोळे उघडले आणि त्याच्याकडे बघितलं. बघतच राहिली.

"बाय, आन..." मामा घाबरून म्हणाला.

"तोंड कुठं हाय?" मावशी म्हणाली. "ही त नुसती हलद हाय." आणि रडायला लागली. मामाही रडला, त्याला डोळ्यात गेल्याचं निमित्त होतं. मामी रडली, मी रडले. डीजेवाल्याला वाटलं विधी संपला, त्याने आवाज वाढवला.

परत नाशिक

लग्न लावून, मटणाच्या रश्श्याने पोळलेली जीभ आणि पिवळी साडी घेऊन घरी आले. हिशेब म्हणाल तर सगळी सहल एका बऱ्या हॉटेलातल्या रात्रीपेक्षा स्वस्त पडली. उल्हासनगरला पुन्हा जाईन, दाल पकवानासाठी आणि शेठसाठी. अंबरनाथला पावसाळा संपल्यावर जा, गर्दी कमी असते. वांगणीत काय बघण्यासारखं आहे असं विचारलंत तर सांगता येणार नाही.

अल्बमात एक नवं तिकीट आलं आहे, अख्खं, कोरं. मामाने निघताना दिलं. कुठे लावावं कळेना. संतांच्या पानावर तो बसत नाही, स्वातंत्र्यसैनिकांत बसत नाही, फुलपाखरांत तर नाहीच. तात्पुरतं मिठाच्या सत्याग्रहाशेजारी ठेवलं आहे. आजोबांच्या टोपलीची तेवढीच दखल. बाकी या छंदाविषयी मला आता पूर्वीइतकी खात्री वाटत नाही. मोठ्या माणसांचे चेहरे मी इतकी वर्षं प्लास्टिकमागे जपले. कुणीतरी पदरचे पैसे मोडून बघावा असा चेहरा त्यात किती जणांचा असेल, कोण जाणे.

काल मामीचा फोन आला. मी पुन्हा पोळ्या लाटत होते.

"तुज्या मामाला जरा समजाव," ती वैतागली होती. "लगीन झाला, पावनं गेलं, मांडव उतरला. सगल्यांनी आंघोली केल्या. ह्यो तोंड धूत नाय."

"का?"

"आईतवारी वांगणीला जायचंय बोलतो."